आधी ससा, मग लिंक्स: इबेरियन लिंक्सच्या संवर्धनातील भक्ष्य-व्यवस्थापनाचे प्रकरण

सन २००२ च्या सुमारास स्पेनमध्ये झालेल्या गणनेतून असे दिसून आले की इबेरियन लिंक्स हा मार्जारकुळातील प्राणी शंभराच्याही आत आला आहे आणि त्याची वीण होत असलेल्या जागा स्पेन व पोर्तुगाल मिळून होणाऱ्या अख्ख्या इबेरियन द्वीपकल्पात दोनच उरल्या आहेत. एक म्हणजे ग्वादालकिवीर नदीच्या मुखाजवळचा दोन्यानाचा वालुकामय आणि पाणथळ प्रदेश, आणि दुसरी म्हणजे सिएरा मोरेना डोंगररांगेतील आन्दुहार-कार्देन्याचा पट्टा. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. पुढे २०१५ मध्ये त्याची श्रेणी ‘संकटग्रस्त’ अशी झाली, जून २०२४ मध्ये ती ‘असुरक्षित’ अशी आणखी एक पायरी सुधारली, आणि २०२४ च्या गणनेत स्पेन व पोर्तुगाल मिळून २,४०१ लिंक्स मोजले गेले.

या बावीस वर्षांची हकीकत सांगताना बंदिस्त प्रजनन केंद्रे, गळ्यात रेडिओपट्टे बांधून सोडलेली जनावरे आणि महामार्गांखालून काढलेले भुयारी रस्ते यांचा उल्लेख नेहमी आधी येतो. ते काम मोठेच आहे. एल आसेबुचे येथील केंद्रात २८ मार्च २००५ रोजी सालिएगा नावाच्या मादीने बंदिस्त अवस्थेतील पहिली तीन पिल्ले दिली, तो दिवस या क्षेत्रातील लोकांच्या आजही लक्षात आहे. पण प्रजनन केंद्रात वाढलेले पिल्लू ज्या रानात सोडायचे, त्या रानात त्याला रोज खायला काय मिळणार, हा प्रश्न त्याही आधीचा होता आणि अधिक अवघड होता. त्याचे उत्तर एकाच प्राण्यापाशी येऊन थांबत होते, तो म्हणजे रानससा. या प्रकरणात मी मुख्यतः त्या सशाविषयी लिहिणार आहे, कारण लिंक्सचे पुनरागमन जिथे झाले आणि जिथे अडले, त्या दोन्हींची कारणे शोधत गेल्यास आपण बहुतेक वेळा सशाच्या बिळापाशीच पोहोचतो.

एका भक्ष्यावर बेतलेला प्राणी

इबेरियन लिंक्स हा आपल्या रानमांजराहून मोठा, साधारण आठ ते पंधरा किलो वजनाचा, आखूड शेपटीचा, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुपके असलेला आणि अंगभर ठिपके असलेला प्राणी आहे. त्याच्या आहारात ऐंशी ते नव्वद टक्के, काही ठिकाणी त्याहूनही अधिक वाटा सशाचा असतो. वेळप्रसंगी तो तितर, बदक किंवा हरणाचे पाडसही मारतो, परंतु त्या शिकारीवर त्याची वीण चालत नाही. एका प्रौढ लिंक्सला दिवसाला साधारण एक ससा लागतो, तर पिल्ले वाढवणाऱ्या मादीला तीनच्या आसपास लागतात. फ्रान्सिस्को पालोमारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्यानात केलेल्या अभ्यासातून असे दिसले की लिंक्सची मादी एखाद्या जागी ठाण मांडून पिल्ले घालायची असेल, तर सशांची संख्या शरद ऋतूत सर्वांत खाली गेलेली असतानाही हेक्टरी निदान एक आणि वसंतातील भरात हेक्टरी साडेचारहून थोडी अधिक असावी लागते. तेवढे ससे नसतील, तर लिंक्स तेथून जातो किंवा तिथे राहूनही वीत नाही.

वाघाशी तुलना केली तर यातील अडचण चटकन कळते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकवायचा तर आधी तृणभक्षी प्राणी वाढले पाहिजेत, हे आपल्याकडे अनेकदा बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण वाघाच्या पानात सांबर, चितळ, रानडुक्कर, गवा असे अनेक पर्याय असतात आणि एक कमी झाले तर दुसरे काही काळ भार उचलते. लिंक्सला असा दुसरा आधार नाही. त्याच्या शरीराची ठेवण, त्याची शिकारीची पद्धत आणि त्याच्या क्षेत्राचा आकार हे सगळे एक किलोच्या आसपास वजनाच्या एका प्राण्यावर बेतलेले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना आपण एकच शब्द वापरतो. महाराष्ट्राच्या माळरानावर गवतातून अचानक उठून पळणारा आपला ससा बीळ खोदत नाही; तो गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, एकटा राहतो आणि त्याची पिल्ले डोळे उघडे असलेली, अंगावर केस असलेली जन्मतात. लिंक्स ज्याच्यावर जगतो तो ससा निराळा. तो जमिनीखाली आडव्यातिडव्या बोगद्यांची वसाहत करून टोळीने राहतो आणि त्याची आंधळी, केसविरहित पिल्ले बिळातच वाढतात. घरात पाळला जाणारा पांढरा किंवा करडा ससा याच जातीचा वंशज आहे. त्यामुळे माती किती भुसभुशीत आहे, बीळ खोदता येते की नाही आणि बिळापासून चार उड्यांवर कोवळे गवत आहे की नाही, या साध्या बाबींवर सशाचे आणि पर्यायाने लिंक्सचे सगळे गणित अवलंबून असते.

ससे कमी का झाले

स्पेन हा सशांचा देश होता. त्याच्या ‘हिस्पानिया’ या जुन्या नावाचा उगमही फिनिशियन खलाशांनी तिथे पाहिलेल्या सशांशी जोडला जातो. गरुड, घारी, खोकड, मुंगूस धरून द्वीपकल्पातील तीसहून अधिक शिकारी प्राणीपक्षी कमीअधिक प्रमाणात सशावर जगतात. अशा प्राण्याची वाण पडेल, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाच्या मनातही आले नसेल.

१९५२ च्या जून महिन्यात पॉल आर्मां-देलिय या फ्रेंच डॉक्टरांनी पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या आपल्या मळ्यातील ससे हटवण्यासाठी मिक्सोमॅटोसिस या रोगाच्या विषाणूची लागण केलेले दोन ससे सोडले. मळ्याला भिंत होती, पण हा विषाणू डास आणि पिसवांवाटे पसरतो आणि त्यांना भिंत अडवत नाही. काही वर्षांतच हा रोग युरोपभर पसरला आणि इबेरियातील सशांची संख्या कोसळली. डोळे सुजून बंद झालेले, कशाचीही जाणीव नसलेले ससे रस्त्याच्या कडेला बसलेले असत, असे त्या काळातील लोक सांगत. एका माणसाने आपल्या शेतापुरता केलेला उपाय पुढे सत्तर वर्षे दुसऱ्या देशातील एका दुर्मीळ प्राण्याला भोवला, हे या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक वास्तव आहे.

हळूहळू सशांमध्ये या रोगाविरुद्ध काहीशी प्रतिकारशक्ती आली, तोच १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुसरा विषाणू दाखल झाला. १९८४ मध्ये चीनमधील पाळीव सशांत प्रथम आढळलेला हा रक्तस्रावी रोग दोन-तीन दिवसांत प्रौढ सशाचा जीव घेतो. त्यातून आठ आठवड्यांखालील पिल्ले बहुधा वाचत आणि लागण होऊन गेल्यामुळे पुढे तग धरत. २०११ पासून स्पेनमध्ये पसरलेल्या याच रोगाच्या नव्या प्रकाराने मात्र पिल्लांनाही सोडले नाही.

रोगांइतकाच मोठा वाटा जमिनीच्या बदलाचा होता, जरी तो एका वर्षात दिसत नव्हता. डोंगराळ भागात पूर्वी विरळ ओकवृक्षांखाली चराई होत असे, अधूनमधून धान्य पेरले जाई, कोळसा पाडण्यासाठी झुडपे तोडली जात, आणि त्यामुळे झुडूप व उघडे गवत यांची सशाला हवी तशी चौकटी-चौकटींची सरमिसळ आपोआप टिकून राहत असे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर माणसे गावे सोडून शहरांत गेली, शेते ओस पडली आणि त्यांवर सलग दाट झुडूप माजले. काही भागांत पाइन व निलगिरीची लागवड झाली. जिथे मोठ्या शिकारीसाठी हरणे पाळली जाऊ लागली, तिथे कुंपणाआड वाढलेल्या हरणांनी आणि रानडुकरांनी सशाच्या वाट्याचे गवत संपवले. सपाटीवर याच्या उलट घडले: बांध आणि झाडोरा काढून मोठाले एकसलग पट्टे करण्यात आले आणि सशाला लपायला जागा उरली नाही.

या सगळ्याच्या जोडीला लिंक्सची थेट हत्याही होत होतीच. १९५० च्या दशकात त्याची गणना उपद्रवी जनावरांत होती आणि त्याला मारण्याबद्दल बक्षीस मिळत असे. सशांसाठी लावलेल्या सापळ्यांतही तो सापडत असे. १९७३ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी घसरण थांबली नाही. १९८८ च्या सुमारास आलेहान्द्रो रोद्रिगेस आणि मिगेल देलिबेस यांनी त्यांची संख्या साधारण ११०० असल्याचा अंदाज मांडला होता. रक्तस्रावी रोग नेमका त्याच सुमारास आला आणि पुढील चौदा वर्षांत ते ११०० शंभराच्या आत आले. कायदा होता, शिकार कमी झाली होती, पण रानात खायला नव्हते.

सशांची विष्ठा मोजण्यापासून

सन २००२ पासून युरोपीय संघाच्या निधीतून आणि दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या प्रादेशिक शासनाच्या पुढाकाराने एकामागून एक प्रकल्प राबवले गेले. मिगेल आन्हेल सिमोन हे दीर्घकाळ त्यांचे संचालक होते. या प्रकल्पांनी सशांसाठी जे केले, त्याची पहिली पायरी अगदी साधी वाटते: मोजणी. ससा दिवसा बिळात किंवा झुडपात असतो, त्यामुळे तो डोळ्यांनी मोजता येत नाही. पण ससे ठरावीक जागी एकत्र विष्ठा टाकतात आणि त्या जागी वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्यांचे ढीग साचतात. कर्मचारी ठरलेल्या वाटेने चालत जातात आणि दर किलोमीटरला असे किती ढीग लागले याची नोंद ठेवतात. काही ठिकाणी एक छोटे वर्तुळ आखून त्यातील सर्व लेंड्या वेचून काढतात आणि ठरावीक दिवसांनी परत येऊन नव्या लेंड्या एक-एक करून मोजतात. त्या मोजणीवरून हेक्टरी सशांचा अंदाज बांधता येतो. वर्षानुवर्षे त्याच वाटांवरून हे काम केल्यामुळेच पुढे कोणत्या खोऱ्यात लिंक्स सोडता येईल आणि कोणत्या खोऱ्यात तो उपाशी मरेल, हे सोडण्याआधी सांगता आले. उपग्रहाचे गळपट्टे बातम्यांत आले. लेंड्यांच्या नोंदवह्या आल्या नाहीत, पण माझ्या मते या प्रकल्पाचा कणा त्याच होत्या.

दुसरे काम जमिनीचे. दाट झुडपात ठिकठिकाणी छोटे मोकळे पट्टे काढून त्यांत धान्य आणि चाऱ्याचे गवत पेरले गेले. पट्टे जाणीवपूर्वक लहान ठेवले, कारण ससा आडोशापासून फार दूर चरायला जात नाही. मोठे मैदान काढले तर त्याच्या मधल्या भागाचा त्याला काही उपयोग होत नाही, उलट तिथे हरणे येतात. म्हणून काही पट्ट्यांना असे कुंपण घातले की त्याच्या तळाशी ससा आत जाईल एवढीच फट राहील आणि हरीण व रानडुक्कर बाहेर राहील. उन्हाळ्यातील कोरड्या महिन्यांसाठी पाण्याची छोटी भांडी आणि चाऱ्याच्या जागा ठेवण्यात आल्या.

जिथे जमीन खडकाळ किंवा चिकणमातीची आहे, तिथे बिळेच बांधून देण्यात आली. असे बीळ जवळून पाहिले तर ते शेताच्या कडेला पडलेल्या दगडांच्या ढिगासारखे दिसते आणि त्याची मूळ कल्पनाही तीच आहे, कारण शेतकऱ्यांनी नांगरटीत निघालेले दगड रचून केलेल्या ढिगांत ससे पूर्वीपासून राहत आले आहेत. आधी जमीन थोडी खणून तळाला लाकडी फळ्यांचे चौकोनी पाट किंवा मोठे दगड अशा रीतीने ठेवतात की मध्ये पोकळ्या राहतील. त्यांना जोडणाऱ्या नळ्या किंवा दगडी वाटा बाहेरच्या बाजूला उघडतात. वरून दगड, माती आणि तोडलेल्या फांद्यांचा थर देतात, म्हणजे आत गारवा राहतो आणि खोकडाला उकरता येत नाही. सुरुवातीचे काही आठवडे भोवती जाळी लावून तिचा खालचा भाग जमिनीत पुरतात. आत आणलेल्या सशांना जागेची सवय झाली आणि त्यांनी स्वतः खोदायला सुरुवात केली की जाळी काढतात किंवा तिच्यात दारे पाडतात. अशी बिळे एकेकटी उपयोगाची नसतात. ती चार-सहाच्या गटाने, पेरलेल्या पट्ट्याच्या कडेला आणि एकमेकांपासून ससा सुरक्षितपणे धावत जाऊ शकेल एवढ्या अंतरावर असावी लागतात.

तिसरे काम माणसांशी करार करण्याचे, आणि इथे थोडे थांबणे योग्य ठरेल. सिएरा मोरेनातील लिंक्सची बहुतांश जमीन खाजगी आहे. शेकडो-हजारो हेक्टरचे मळे आहेत, ज्यांचे उत्पन्न शिकारीतून आणि गुरांतून येते. सशाची शिकार हा तिथला जुना छंद आणि व्यवसाय आहे, त्यामुळे लिंक्स आला की आपले ससे जातील, अशी जमीनमालकांची भीती समजण्यासारखी होती. प्रकल्पाने त्यांच्याशी लेखी करार केले. मालकाने काही वर्षे सशाची शिकार थांबवायची किंवा मर्यादित करायची आणि बदल्यात प्रकल्पाने त्या जमिनीवर कुरण, बिळे व पाणी यांची कामे करून द्यायची. हुकूम काढून हे झाले नसते. राखीव क्षेत्रांच्या बाहेर, मालकीच्या जमिनीवर एका अतिसंकटग्रस्त प्राण्याची संख्या वाढली, ती या करारांमुळे.

मालकांना पटवताना विज्ञानाचीही मदत झाली. पालोमारेस यांनी १९९५ मध्येच दोन्यानातील निरीक्षणांवरून दाखवले होते की जिथे लिंक्स असतो तिथे सशांची संख्या लिंक्स नसलेल्या जागेपेक्षा दुपटी-चौपटीने जास्त असते. हे ऐकायला उलटे वाटते. पण लिंक्स आपल्या क्षेत्रात मुंगूस आणि इतर लहान शिकाऱ्यांना राहू देत नाही, आणि ते सगळे मिळून लिंक्सपेक्षा जास्त ससे खातात. पुढे पश्चिम स्पेनमधील एक्स्त्रेमादुरातील माताचेल नदीच्या खोऱ्यात लिंक्स पुन्हा सोडल्यानंतर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोकड आणि मुंगूस यांची संख्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटल्याचे आणि शिकाऱ्यांनी खाल्लेल्या सशांचे एकूण प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचे आढळले. शिकारीसाठी ससे राखणाऱ्या मालकाला हा हिशेब चटकन कळतो.

जे अपेक्षेप्रमाणे झाले नाही

ससे कमी आहेत तर दुसरीकडचे आणून सोडावेत, हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय स्पेनमध्ये शिकारी संघटनांनी अनेक दशके केला होता आणि तो बहुतेक वेळा फसला होता. पकडणे, पेट्यांत भरणे आणि अनोळखी जागी सोडणे यांच्या ताणाने आणि खोकडांच्या तोंडी पडून अनेकदा निम्म्याहून अधिक ससे पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच मरत. आणलेल्या सशांबरोबर रोगही येई. शिवाय द्वीपकल्पात सशाच्या दोन उपजाती आहेत, एक नैऋत्येकडची आणि एक ईशान्येकडची. त्या सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या आहेत. जगभर पसरलेला आणि पाळला गेलेला ससा ईशान्येकडच्या उपजातीपासून आलेला, तर लिंक्सचे उरलेले दोन्ही प्रदेश नैऋत्येकडच्या उपजातीचे. चुकीच्या बाजूचे ससे आणून सोडणे म्हणजे स्थानिक वंशात भेसळ करणे होय. म्हणून लिंक्स प्रकल्पांमध्ये ससे सोडण्याआधी त्यांचे मूळ तपासणे, त्यांना काही काळ वेगळे ठेवणे आणि जाळीच्या आत हळूहळू सोडणे हे नियम झाले. लसीचा उपयोगही मर्यादित ठरला. पाळीव सशांत ती चांगले काम करते, पण रानातील सशांना पकडून टोचण्यातच जेवढे ससे दगावतात आणि जेवढी पिल्ले नव्याने लसीशिवाय जन्मतात, त्यापुढे तिचा फायदा फारसा उरत नाही.

रोग आणि दाटी यांचा संबंधही सरळ नाही. जिथे ससे दाट असतात तिथे विषाणू सतत फिरत राहतो, पिल्लांना आईकडून मिळालेले संरक्षण शिल्लक असतानाच लागण होते आणि त्यांतली बरीच त्यातून सुटून आयुष्यभरासाठी प्रतिकारक्षम होतात. विरळ वस्तीत विषाणू क्वचित येतो आणि आला की प्रतिकारशक्ती नसलेल्या प्रौढांना घेऊन जातो. त्यामुळे हेक्टरी अर्धा ससा असलेल्या जागेचे रूपांतर हेक्टरी एक ससा असलेल्या जागेत करण्यापेक्षा, आधीच बऱ्यापैकी ससे असलेली जागा दाट करणे हे अधिक फलदायी ठरते. सर्वत्र थोडे-थोडे काम वाटून देण्याचा मोह आवरून निवडक खोऱ्यांत एकवटून काम करण्याचा निर्णय या दृष्टीने शहाणपणाचा होता.

दोन्यानात परिस्थिती इतकी बिकट होती की सशांची वाढ होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. तिथे पाळीव ससे ठेवलेली छोटी कुंपणे उभारण्यात आली. ससा बाहेर पडू शकणार नाही, पण लिंक्स उडी मारून आत जाऊ शकेल, अशी त्यांची उंची होती. पिल्ले असलेली मादी संध्याकाळी कुंपणावर चढते, आत उतरते आणि तोंडात ससा धरून त्याच वाटेने परत जाते, हे दृश्य कॅमेऱ्यांनी वारंवार टिपले आहे. या खाऊ घालण्यामुळे माद्या आपापल्या क्षेत्रात टिकून राहिल्या आणि त्या अर्थाने हा उपाय सफल झाला. परंतु अनेक लिंक्स एकाच जागी येत राहिल्याने रोग पसरण्याचा धोका वाढतो, आणि २००७ मध्ये दोन्यानात मार्जार रक्तकर्करोगाच्या विषाणूची साथ आली तेव्हा या धोक्याची जाणीव सर्वांनाच झाली. आणीबाणीत मुखी घास घालण्याला माझा विरोध नाही. पण ज्या जागेत दहा वर्षांनंतरही कुंपणातील सशांवरच लिंक्स जगतो, तिथे भक्ष्याचे व्यवस्थापन झाले असे म्हणता येत नाही, आणि दोन्यानातील रानससे सिएरा मोरेनाच्या तोडीने सावरले नाहीत हे मान्य करायलाच हवे.

सिएरा मोरेनालाही लवकरच धक्का बसला. २०११ नंतर नवा विषाणू पसरला आणि आन्दुहार भागात, जिथे लिंक्सची सर्वांत मोठी वस्ती होती, तिथे ससे झपाट्याने घटले. पाठोपाठ लिंक्सच्या वीणीचे प्रमाण जवळपास दोन-तृतीयांशाने खाली आले, तर दोन्यानात सशावरच जगणाऱ्या स्पॅनिश राजगरुडाच्या पिल्लांची संख्याही सुमारे निम्म्याने घटली. अन्नाच्या शोधात लिंक्स आपली जुनी क्षेत्रे सोडून दूरवर जाऊ लागले आणि रस्त्यांवर वाहनांच्या धडकेत मरू लागले. बातम्यांमध्ये हे मृत्यू वाहतुकीच्या खात्यावर लिहिले गेले. त्यांतील अनेकांचे पहिले कारण रस्ता होता की रिकामे झालेले रान, याचा विचार कमी झाला.

या घसरणीत संपूर्ण प्रयत्न वाहून गेला नाही, त्याचे एक कारण असे की तोवर लिंक्स एकाच टोपलीत उरलेले नव्हते. २००९ मध्ये कोर्दोबा प्रांतातील ग्वादालमेयातो आणि २०१० मध्ये हाएन प्रांतातील ग्वारिसास येथे लिंक्स सोडले गेले होते. २०१४ पासून पोर्तुगालमधील मेर्तोलाजवळचे ग्वादियाना खोरे, एक्स्त्रेमादुरातील माताचेल आणि मध्य स्पेनमधील कास्तिया-ला-मांचातील तोलेदोचे डोंगर या जागा जोडल्या गेल्या. एका जागी विषाणू पसरला तरी दुसऱ्या जागी वीण चालू राहिली. यातील प्रत्येक जागा निवडताना आधी सशांची मोजणी झाली होती, ही बाब इथे पुन्हा सांगावीशी वाटते.

एकीकडे टंचाई, एकीकडे उपद्रव

सन २०१९ मध्ये आययूसीएनने खुद्द सशालाच, त्याच्या मूळ प्रदेशात, ‘संकटग्रस्त’ ठरवले. त्याच काळात कास्तिया-ला-मांचा आणि आंदालुसियाच्या काही तालुक्यांत शेतकरी सशांमुळे हैराण झाले होते. महामार्ग आणि रेल्वेमार्गांच्या मातीच्या भरावांत सशांना हवी तशी भुसभुशीत, उंच, नांगर न फिरणारी जमीन मिळाली. बिळे भरावात आणि चारा शेजारच्या शेतात, अशी सोय झाली. द्राक्षवेलींचे कोवळे कोंब, सातू, नव्याने लावलेली पिस्त्याची रोपे यांचे मोठे नुकसान होऊ लागले, आणि प्रादेशिक शासनांना ठरावीक तालुक्यांत शिकारीचे नियम शिथिल करावे लागले. ज्या शेतकऱ्याचे उभे पीक सशांनी खाल्ले, त्याला ससा संकटात असल्याचे सांगितले तर त्याला ती थट्टाच वाटेल, आणि त्याच्या जागी आपणही असतो तर वेगळे वाटले नसते.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण सशांचे वितरण कमालीचे असमान आहे. या विसंगतीतून मार्ग काढण्यासाठी २०२१ पासून शेतकरी, शिकारी संघटना, शास्त्रज्ञ आणि प्रादेशिक शासने यांना एकत्र आणणारा इबेरकोनेहो हा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भर स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सर्वत्र एकाच पद्धतीने सशांची मोजणी व्हावी, नुकसानीची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हावी, आणि त्यावरून कुठे कमी करायचे व कुठे वाढवायचे हे ठरावे, यावर होता. उपद्रवाच्या भागातील जिवंत पकडलेले ससे टंचाईच्या भागात नेणे हा त्यातील एक मार्ग असला, तरी उपजात, रोग आणि सोडल्यानंतरचे मृत्यू या वर सांगितलेल्या तिन्ही अडचणी तिथे जशाच्या तशा उभ्या राहतात.

पण याच विसंगतीने एक अनपेक्षित गोष्टही घडवली. तोलेदोच्या डोंगरांत सोडलेल्या लिंक्सची पुढची पिढी खाली ऑलिव्ह आणि बदामांच्या बागांत, शेतांच्या मधोमध येऊन राहू लागली. ज्याला दाट झुडपाचा प्राणी मानले जात होते, तो बांधावरच्या काटेरी जाळीत पिल्ले घालू लागला, कारण तिथे ससे होते. २०२४ च्या गणनेत कास्तिया-ला-मांचाने लिंक्सच्या संख्येत आंदालुसियाला मागे टाकले. ज्या आंदालुसियात वीस वर्षांपूर्वी शेवटचे लिंक्स उरले होते, तिला मागे टाकणारा हा प्रदेश सशांच्या तक्रारींसाठी प्रसिद्ध आहे, हा निव्वळ योगायोग नाही. आता तेथील शेतकऱ्यांना लिंक्स हा सशांवरचा उपाय म्हणून पटवून देता येतो. मात्र उपद्रव टाळण्यासाठी तिथे ससे सरसकट मारले गेले किंवा विषाणूचा पुढचा प्रकार आला, तर सर्वांत मोठ्या वस्तीचा आधार एका हंगामात जाऊ शकतो. आन्दुहारमध्ये जे घडले ते तिथे घडणार नाही, असे मानण्यास काहीही कारण नाही.

२०२२ च्या अखेरीस ग्रानादा प्रांतातील सिएरा अराना आणि २०२३ मध्ये मुर्सियातील लोर्काच्या उंच भागात नवे लिंक्स सोडण्यात आले. या जातीचे भवितव्य सुरक्षित मानण्यासाठी वीण असलेल्या माद्यांची संख्या निदान ७५० व्हावी, असे उद्दिष्ट ठरवले आहे. २०२३ च्या गणनेत अशा माद्या ४०६ होत्या. पिल्ले वाढवणाऱ्या एका मादीला दिवसाला तीन ससे धरले, तर ७५० माद्यांच्या पिल्लांच्या हंगामात रोज सव्वादोन हजार ससे लागतील. त्यात नर आले नाहीत आणि वयात येऊन स्वतःचे क्षेत्र शोधत फिरणारे तरुण लिंक्सही आले नाहीत.